तोंडावरचं बोट

३० जानेवारीला सकाळी ११ वाजता आमच्या तालुक्याच्या गावात भोंगा वाजतो. शाळा जागच्या जागी उभी राहते. दोन मिनिटं मौन, परत भोंगा, की बाकांचा खडखडाट आणि खाली बसायचं. वीसेक वर्षं मी इतिहास शिकवतोय. एवढ्या वर्षांत या दोन मिनिटांबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीनं विचारलं. "सर, आपण आत्ता कुणासाठी उभे राहिलो?"

"हुतात्म्यांसाठी. आज गांधीजींची पुण्यतिथी ना," मी सवयीनं बोललो.

तेवढ्यात भिंतीकडच्या रांगेतला, वर्षभरात चार वाक्यंही न बोललेला एक मुलगा म्हणाला, "आमच्या वाड्यात एक जळका खांब आहे. आजोबा सांगतात, गांधी गेले तेव्हा जाळला."

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ज्यांची चार पिढ्या वस्ती आहे, त्यांना 'अठ्ठेचाळीसचं जळीत' वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गांधीहत्येनंतर इथं ब्राह्मणांची घरं जाळली गेली, का तर मारेकरी त्या जातीचा होता. अहिंसेच्या माणसाचा खून झाला म्हणून पेटवलेले वाडे. आमच्या पाठ्यपुस्तकात याची एक ओळ नाही.

वर्गात कुजबुज सुरू झाली आणि मधल्या बाकावरून दुसरा मुलगा तडकून बोलला, "आणि त्याच आळीतल्या विहिरीवर आमच्या पणजीला पाणी भरू देत नव्हते. ते कोण सांगणार?"

पहिल्या मुलाचे कान लाल झाले. अठ्ठावन्न डोकी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे वळली. मी काय केलं? तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "पुरे. पुस्तकं काढा." क्षणात वर्ग शांत झाला. इतका, की बाहेरच्या पटांगणावरचे कावळे ऐकू यायला लागले.

त्या शांततेचा मला आजही राग येतो.

आपल्या भाषेनं इथं एक घोळ करून ठेवलाय. आवाज नसणं म्हणजे शांतता आणि भांडण नसणं म्हणजेही शांतताच. दवाखान्यातल्या पाटीवर 'शांतता राखा' असतं आणि दंगल झालेल्या गावात पोलीस भोंग्यावरून सांगतात तेही 'शांतता राखा'. शाळांनी यातला पहिला अर्थ उचलला आणि दुसरा आपोआप पदरात पडेल असं धरून चालल्या. बालवाडीत पाय टाकल्यावर पोराला पहिली शिस्त लागते ती 'हाताची घडी, तोंडावर बोट'. त्या बोटाखाली काय दबून राहतं, हे मला त्या ३० जानेवारीला दिसलं. माझं म्हणणं एवढंच आहे, की गप्प बसवून अहिंसा शिकवता येत नाही. ती शिकवायची तर वर्गात बोलावं लागतं, आणि जिथं बोलणं कठीण जातं तिथंच बोलावं लागतं.

आमच्या शाळांत यातलं काहीच होत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. डी.एड. झालेल्या कुणालाही मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं विचारा, झोपेतही सांगेल: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. यादीत अहिंसा नाही. नीटनेटकेपणा आहे. यादी करणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. संवेदनशीलतेत ते सगळं येतं, असं कुणी म्हणेलही. पण व्यवहारात काय होतं ते परिपाठाला येऊन बघावं. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपायचं. बोधकथेचं तात्पर्य शेवटच्या वाक्यात तयार असतं, त्यामुळे मुलांना विचार करायला जागाच उरत नाही.

एकनाथांची गोष्ट घ्या. नाथ गोदावरीवरून स्नान करून येतात, एक जण अंगावर थुंकतो, नाथ परत नदीवर जातात, तो परत थुंकतो. असं शंभराहून जास्त वेळा झालं म्हणतात. शेवटी थुंकणाराच शरमतो आणि पाय धरतो. तात्पर्य: क्रोधावर विजय मिळवा. ही गोष्ट मी स्वतः कितीतरी वेळा सांगितली असेल. एकदा सातवीच्या वर्गात तात्पर्य सांगायच्या आधीच थांबलो आणि नुसतं विचारलं, काय वाटलं? एक मुलगी म्हणाली, "घाटावर बाकीचे लोक काय करत होते?" मला उत्तर देता आलं नाही. दुसरा म्हणाला, "नाथांच्या जागी आमच्यातला कुणी असता तर तो पाया पडलाच नसता." पुढं एकानं मुद्दा काढला, की नाथांना कुणी दुबळं म्हणत नव्हतं, म्हणून त्यांचं गप्प राहणं हे त्यांचं ठरवून केलेलं होतं, ज्याला बोलायची मुभाच नाही त्याच्या गप्प बसण्याला क्षमा म्हणायचं का? बारा वर्षांचा पोरगा. सुविचाराच्या फळ्यावर हा प्रश्न कधी आला नसता.

ध्यानाबद्दलही थोडं बोलतो, कारण सध्या शाळाशाळांत त्याचीच चलती आहे. महाराष्ट्रात शिक्षण खातं आणि इगतपुरीची विपश्यना संस्था यांच्या 'मित्र उपक्रमा'तून शाळांमध्ये आनापान आलं: डोळे मिटून दहा मिनिटं येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघायचं. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये आठवीपर्यंत 'हॅपिनेस'चा रोजचा तास सुरू झाला, त्यातही सजगतेचा सराव होता. मी स्वतः वर्गात श्वासाचा सराव घेतो आणि त्याचा उपयोग होतो. जेवणाच्या सुट्टीनंतर कबड्डीतलं भांडण घेऊन वर्गात आलेली पोरं दहा मिनिटांत जरा निवतात. हाताची मूठ वळण्याआधी 'मला राग आलाय' एवढं स्वतःच्या लक्षात येणं, ही काही लहान गोष्ट नाही. बहुतेक मोठ्या माणसांनाही ते जमत नाही.

पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ब्रिटनमध्ये ८,००० हून जास्त शाळकरी मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. ज्या शाळांत माइंडफुलनेस, म्हणजे हाच सजगतेचा सराव, शिकवला तिथल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य बाकीच्या शाळांपेक्षा काही सुधारलेलं दिसलं नाही, आणि बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. मला त्याचं नवल वाटलं नाही. रात्री बापानं आईला मारलेलं ज्यानं पाहिलंय, त्या पोराला डोळे मिटायला सांगितलं तर त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढं काय येत असेल? त्यानं ते कुणाशी बोलायचं? श्वास त्याला उत्तर देत नाही. आणि मला एक भीती वाटते. मन आवरण्याची जबाबदारी फक्त ज्याला लागलंय त्याच्यावर टाकली, की ध्यान हेही तोंडावरचं बोटच होऊन बसतं. वर्गात चिडवलं जाणाऱ्या मुलीला आम्ही श्वासाकडे लक्ष दे म्हणतो, चिडवणाऱ्यांना काहीच म्हणत नाही.

तर मग चर्चा. हा शब्द शाळेत फार स्वस्त झालाय. 'गटचर्चा' म्हणजे चार बाकं एकमेकांकडे फिरवायची, हुशार मुलगी लिहिते, बाकीचे तिच्या वहीत बघतात. वादविवाद स्पर्धा त्याहून वाईट: पाठ केलेलं भाषण, हातवारे आणि घंटी. समोरच्याचं न ऐकता जिंकायचं कसं, याचं ते रीतसर प्रशिक्षण आहे. वादसभेचे चषक घेऊन आलेली मुलं मी पुढं गावच्या राजकारणात बघितलीत. बोलतात झकास.

माझ्या वर्गात मी एकच नियम ठेवला. दुसऱ्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं त्यानं म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. यात नवं काही नाही. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडावा लागायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल असा, खंडन त्यानंतर. शाळेनं हे कधी उचललं नाही, एवढंच. नियम सांगायला सोपा आहे, पाळायला महाकठीण. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात जेमतेम चार जण बोलू शकले. एकानं तीनदा सांगून पाहिलं आणि तिन्ही वेळा समोरची म्हणाली, "नाही, मी असं म्हणलेच नाही." तिसऱ्या वेळी तोच हसला. भांडण तिथंच अर्धं संपलं.

एक विषय दोन तास चालला तो सांगतो. बंदच्या दिवशी एसटी फोडली तर ती हिंसा का? आमच्याकडे कुठल्याही कारणानं बंद पुकारला की पहिला दगड लालपरीच्या काचेवर बसतो, म्हणून हा प्रश्न काढला. बहुतेक मुलांचं मत ठाम होतं: गाडीत माणूस नसेल तर हिंसा नाही, गाडी काय रडत नाही. मी मुळशीची गोष्ट सांगितली. १९२१ मध्ये धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट त्यांच्यात होते. बसून काही होत नाही म्हटल्यावर पुढं बापटांनी कामाची रेल्वेगाडी अडवली आणि त्यासाठी वर्षानुवर्षं तुरुंग भोगला. धरण झालंच. मग चौरीचौरा सांगितलं: फेब्रुवारी १९२२, जमावानं ठाणं पेटवलं, आत २२ पोलीस मेले, आणि गांधींनी देशभरचं आंदोलन थांबवलं. एका मुलाला हे अजिबात पटलं नाही. एका गावातल्या चुकीसाठी सगळ्या देशानं का थांबायचं? त्याचं म्हणणं दुसऱ्या एका मुलीला आधी मांडावं लागलं, तेव्हा ती अडखळत म्हणाली, "तो म्हणतोय की गांधींनी लोकांवर विश्वास ठेवला नाही." मुलगा म्हणाला, "हां. हेच." चौरीचौऱ्यावरचा आक्षेप इतका नेमका मला स्वतःला मांडता आला नसता.

दुसऱ्या तासाला आतापर्यंत गप्प असलेली एक मुलगी बोलली. तिचे वडील एसटीत वाहक. म्हणाली, "गाडी रडत नाही. पण फुटलेल्या गाडीतून पप्पा घरी येतात तेव्हा डोळ्यांत काच गेली नाही ना, हे आई आधी बघते." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तीही शांतताच होती, पण ती माझ्या बोटानं आलेली नव्हती.

उपोषणावरही असंच झालं. साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला बसले ते विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून, आणि दहा दिवसांनी मंदिर खुलं झालं. त्याआधी १९३२ मध्ये येरवड्यात गांधी बसले ते स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध, आणि बाबासाहेबांना मनाविरुद्ध पुणे करारावर सही करावी लागली. दोन्ही उपोषणं. एकीकडे दबाव मंदिराची दारं अडवून बसलेल्यांवर, दुसरीकडे ज्यांच्यावर दार बंद होतं त्यांच्याच पुढाऱ्यावर. उपोषण अहिंसक असतं का? एक मुलगी म्हणाली, "आई जेवायची थांबली की मला ऐकावंच लागतं. माझं चुकलं असो नसो." यावर अख्खा वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यावारी गेला नाही. वहीत 'अहिंसा म्हणजे कोणालाही न दुखावणे' लिहिलेली ती मुलं त्या दिवशी व्याख्येपाशीच अडून बसली.

आता आक्षेप. सगळ्यात आधी येतो तो वेळेचा, आणि तो खरा आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, साठेक मुलं, पोर्शन, चाचण्या, वर निवडणुकीची कामं आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती. मी चर्चा रोज घेत नाही, पंधरवड्यातून एकदा घेतो, आणि त्यासाठी सनावळ्या कमी घोकून घेतो. कुणाचे गुण त्यामुळे गेले असतील तर ते मला दिसलेले नाहीत.

दुसरा आक्षेप: वर्गात राजकारण नको. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सर मुलांच्या डोक्यात काय भरतात' असा मजकूर एकदा फिरला आणि वरिष्ठांनी मला बोलावून घेतलं. आवाज न चढवता, चहा देऊन समजावलं: आपण बरं, आपलं पुस्तक बरं. त्यांची भीती मी समजू शकतो. पण पोरं वर्गात कोरी पाटी घेऊन येतात, हा भ्रम सोडला पाहिजे. त्यांच्या फोनवर तलवारीनं केक कापणारे 'भाई' आहेत, 'नाद करायचा नाय'ची स्टेटसं आहेत, कुणाचा इतिहास खरा यावरचे शिव्यांनी भरलेले रील्स आहेत. राजकारण त्यांच्या खिशात आहेच. फक्त समोर बसून, नाव घेऊन, हळू आवाजात बोलायची जागा त्यांना कुठंच नाही. ती शाळेत नसेल तर कुठं असणार?

तिसरा आक्षेप मला स्वतःला छळतो. चर्चा म्हटली की दोन बाजू, आणि दोन बाजू म्हटल्या की तराजू. ज्याच्या पणजीला विहिरीवर हाकललं त्यानं 'समोरच्याचंही बरोबर असू शकतं' असं म्हणायचं? नाही. अस्पृश्यतेला दुसरी बाजू नाही. तो घटनेनं नाकारलेला गुन्हा आहे, आणि शिक्षकानं हे स्पष्ट बोलावं. घरं जाळण्यालाही दुसरी बाजू नाही. चर्चा असते ती पुढच्या प्रश्नावर: अन्यायाला उत्तर काय द्यायचं. आणखी एक गोष्ट मी ठेच लागल्यावर शिकलो. कुठल्याही मुलाला त्याच्या जातीचा, धर्माचा वकील म्हणून उभं करायचं नाही. 'तुला काय वाटतं, तुमच्यात कसं असतं?' हे मी एकदा एका मुस्लिम मुलाला विचारलं. सहज विचारलं. तो त्यानंतर महिनाभर माझ्याकडे बघतही नव्हता. चर्चेतही हिंसा होते, आणि ती बहुतेक वेळा प्रश्न विचारणाऱ्याकडून होते.

महाडचा धडा मी आता वेगळा शिकवतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, इथं पुस्तक थांबतं. मी पुढं जातो. आता हे देवळात घुसणार अशी अफवा उठली, आणि परतीच्या वाटेवरच्या, जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. मार खाल्लेल्यांची संख्या काही थोडीथोडकी नव्हती, आणि त्यांच्यात लष्करात राहून आलेलेही होते. बाबासाहेबांनी त्यांना उलट हात उचलू दिला नाही. खटले झाले, हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली, आणि तळ्याचा दावा कोर्टात दहा वर्षं चालून १९३७ मध्ये जिंकला. इथं वही बंद करायची आणि विचारायचं: त्यांनी का थांबवलं? भीती होती? हिशेब होता? की तत्त्व? मुलं तिन्ही बाजूंनी बोलतात. 'हिशेब' म्हणणाऱ्यांची बाजू मला दर वर्षी जास्त भक्कम वाटत चाललीय, पण ते मी त्यांना सांगत नाही.

हे सगळं एका अटीवर. शिक्षकाचा हात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी केली. तरी पालकसभेत अजून कुणीतरी हात जोडून सांगतंच, "सर, चार फटके द्या, आमची काय तक्रार नाही." मीही सुरुवातीच्या वर्षांत पट्टी वापरलीय. चर्चेच्या तासाला एकानं मला सरळ विचारलं, "सर, तुम्ही माझ्या दादाला मारलं होतं. ती हिंसा होती का?" नियम माझाच होता, म्हणून आधी त्याचं म्हणणं मला माझ्या शब्दांत सांगावं लागलं. साठेक मुलांसमोर. त्याहून अवघड तास मी घेतलेला नाही.

त्या ३० जानेवारीकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि म्हणालो, काल मी तुम्हाला गप्प केलं ते चुकलं. मग त्या दोघांना वर्गासमोर बोलायला लावलं नाही. घरी विचारून या, सांगावंसं वाटलं तर सांगा, एवढंच म्हणालो. पुढच्या रविवारी ते दोघं आणि आणखी तिघं स्वतःच वाड्यात जाऊन आले, हे मला सोमवारी कळलं. खांबाला हात लावून पाहिला म्हणे. काळं काही हाताला लागलं नाही, नुसता खरखरीत आहे. खांबवाल्याच्या आजीनं सगळ्यांना चहा दिला. तिथून ते विहीर शोधायला गेले. विहीर बुजवलेली निघाली, वर नगरपालिकेच्या नळाचा ओटा आहे. बुजवली कधी आणि कुणी, यावर वाड्यातले आजोबा एक सांगतात आणि वस्तीतली म्हातारी दुसरंच.

"मग आता खरं कुणाचं धरायचं, सर?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, आधी दोघांचंही नीट लिहून आणा.